आयटी शाखेची प्लेसमेंट आणि वर्गात बसणारी मुलं: प्रवेशाआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू झाले की पालक फाइल घेऊन आयटी विभागात येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न प्लेसमेंटचा असतो. दुसरा प्रश्न सहसा आवाज उतरवून विचारला जातो: 'इथे मुलं कशी असतात?' आम्हा विभागात शिकवणाऱ्यांच्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधल्या आयटी शाखेबद्दल आहेत. बी.एस्सी. आयटी आणि बीसीएबद्दल थोडं पुढे आहे.

गेटवरच्या फ्लेक्सवर '८९ टक्के प्लेसमेंट' लिहिलंय. खरं मानायचं का?

आकडा खोटा असेलच असं नाही. पण ८९ टक्के कुणाचे, ते फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

समजा, शेवटच्या वर्षात १३२ मुलं आहेत. त्यातल्या २२ जणांचा एखादा विषय राहिलाय किंवा कंपनीची 'दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे ६० टक्के' ही अट बसत नाही. मग 'पात्र' उरले ११०. त्यातल्या २० जणांनी 'मला पुढे शिकायचंय' असं लिहून दिलं. आता 'इच्छुक' उरले ९०. त्यांच्यापैकी ८० जणांना नोकरी लागली. ९० पैकी ८० म्हणजे ८९ टक्के, पात्र मुलांपैकी धरले तर ७३ टक्के आणि अख्ख्या वर्गापैकी धरले तर ६१ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत, फ्लेक्सवर कोणता जातो ते तुम्हाला कळलंच असेल.

'लिहून दिलं' यातही मेख असते. काही मुलं मनापासून एमएस किंवा एमबीएच्या तयारीत असतात. काही जण मात्र दोन-तीन अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये गळाल्यावर त्या कागदावर सही करून मोकळे होतात. दोघांची नोंद एकाच रकान्यात होते.

'३०० हून अधिक ऑफर्स' म्हणजे ३०० मुलांना नोकरी?

नाही. एका मुलीला तीन कंपन्यांचे ऑफर लेटर आले तर त्या तीन ऑफर मोजल्या जातात. विचारायचं ते असं: 'युनिक किती?', म्हणजे वेगवेगळी मुलं किती. हा शब्द टीपीओला, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याला, बरोबर कळतो. काही महाविद्यालयांत 'एक विद्यार्थी, एक नोकरी' असा नियम असतो, मोठ्या पॅकेजच्या 'ड्रीम' कंपनीपुरती त्यातून सूट मिळते. असा नियम असलेल्या ठिकाणी ऑफर आणि मुलं यांचा आकडा बराच जवळ येतो.

सरासरी पॅकेज ७ लाख सांगतात. आमच्या मुलाला तेवढं मिळेल?

सरासरीवर जाऊ नका. दहा जणांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी ७ लाख १५ हजार येते. तेवढा पगार वर्गात एकालाही मिळालेला नसतो. मध्यक, म्हणजे मीडियन, विचारा: पगार चढत्या क्रमाने मांडले तर अगदी मधल्या मुलाला किती मिळाले? वरच्या उदाहरणात उत्तर साडेतीन लाख आहे.

मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या कंपन्यांचा, ज्यांना आमच्याकडे 'मास रिक्रूटर' म्हणतात, नव्या अभियंत्यांचा साधा पगार बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या अवतीभवतीच घोटाळतो आहे. टीसीएसचं 'निन्जा' पॅकेज ३.३६ लाखांचं. त्याच परीक्षेत वरचे गुण मिळवून 'डिजिटल'मध्ये गेलेल्यांना ७ लाखांच्या आसपास मिळतात. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच दिवशी, एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या पगारात दुपटीचा फरक पडू शकतो. 'टीसीएसमध्ये किती लागले' एवढं विचारून भागत नाही ते यासाठी.

३.३६ लाखांत हातात किती येतात?

वर्षाचे ३.३६ लाख म्हणजे महिन्याचे २८ हजार, हा हिशेब घरी सगळेच करतात. पण तो आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या खर्चाचा. मूळ वेतन १४ हजार धरलं तर त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १,६८० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद पावणेसातशेच्या घरात. कामगिरीवर मिळणारा बदलता भाग आणि विमा यांचे साधारण दीड हजार धरू. हे सगळं त्या २८ हजारांतच मोजलेलं असतं. उरले २४ हजारांच्या आसपास. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापला जातो. पगार २५ हजारांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात महिलांना व्यवसाय कर माफ आहे, २०२३ पासून. म्हणजे खात्यात जमा होतात साधारण २२ हजार. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कजवळ कॉटचं भाडं, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च यातूनच करायचा असतो. पहिलं वर्ष बहुतेकांचं ओढाताणीचं जातं, हे घरच्यांनी आधीच जाणून असावं. कर्ज काढून शिकवलं असेल तर हप्ता कोण आणि कधीपासून भरणार याचं बोलणं ऑफर लेटर येण्याआधीच झालेलं बरं.

मग खरे आकडे मिळतात कुठे?

पहिली जागा म्हणजे एनआयआरएफ. केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी निघते. तिच्यासाठी महाविद्यालयाला जी माहिती द्यावी लागते ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. क्रमांक कितवा आला ते सोडा, ती पीडीएफ उघडा. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता असा असतो: पहिल्या वर्षी किती आले, थेट दुसऱ्या वर्षी किती आले, ठरल्या वेळेत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेले. फ्लेक्सवर न मावणारं सगळं या एका ओळीत मिळतं. मी तर 'ठरल्या वेळेत पदवीधर' हा रकाना आधी बघतो. आत आलेल्या आणि चार वर्षांनी बाहेर पडलेल्या मुलांच्या आकड्यात मोठी तफावत असेल, तर पुढचे प्लेसमेंटचे टक्के गाळून आलेल्या मुलांचे आहेत.

एक अडचण आहे. हा तक्ता सगळ्या शाखांचा मिळून असतो, सिव्हिल-मेकॅनिकलसकट. फक्त आयटीचं बघायचं असेल तर एनबीएचा (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) स्वयंमूल्यांकन अहवाल मागा. एनबीएची मान्यता शाखेला मिळते, महाविद्यालयाला नाही, त्यामुळे तिथले आकडे शाखेपुरते असतात. त्यात नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि स्वतःचा व्यवसाय काढलेले यांची बेरीज करून तिला शेवटच्या वर्षातल्या *सगळ्या* मुलांच्या संख्येने भागावं लागतं. 'इच्छुक' वगैरे भानगड तिथे चालत नाही. अहवाल संकेतस्थळावर नसला तर विभागप्रमुखांकडे विचारा. दाखवायला हरकत नसावी.

नोकरी न लागलेली मुलं जातात कुठे?

बरीचशी सहा-आठ महिन्यांत ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेरून स्वतः शोधून, लागतात. कुणी मित्राच्या रेफरलने, कुणी जावा किंवा टेस्टिंगचा क्लास करून, कुणी इंटर्नशिपमधून. त्यांची नोंद महाविद्यालयाकडे होतेच असं नाही, कारण डिग्री हातात पडल्यावर कॉलेजचा फोन उचलतो कोण? काही एमबीए-एमसीएला जातात. काही घरच्या दुकानात किंवा शेतीत लक्ष घालतात.

आणि एक मोठा गट असा आहे की ज्याचा उल्लेख कुठल्याच तक्त्यात येत नाही: एमपीएससीवाले. पुण्यात सदाशिव पेठ-नारायण पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, बी.ई. झालेली मुलं मांडीवर राज्यघटना घेऊन बसलेली दिसतील. त्यांना बेरोजगार म्हणायचं की विद्यार्थी, यावर घरात वाद होतो, मग तक्त्यात तरी काय लिहिणार?

ऑफर लेटर हातात आलं म्हणजे काम झालं ना?

२०२२ च्या बॅचला विचारा. कोविडनंतरच्या तेजीत ऑफर लेटरं खिरापतीसारखी वाटली गेली आणि मग काही जणांना रुजू व्हायला दीड-दोन वर्षं ताटकळावं लागलं. महाविद्यालयाच्या कागदावर ती सगळी मुलं 'प्लेस्ड' होती.

भरतीचं चक्र किती फिरतं ते बघा. एकट्या इन्फोसिसने २०२१-२२ मध्ये सुमारे ८५ हजार नव्या पदवीधरांना घेतलं, २०२३-२४ मध्ये तो आकडा १२ हजारांच्याही खाली आला. त्या दोन वर्षांत कुठल्याही कॉलेजचं शिकवणं सात पटीने बिघडलं नव्हतं. त्यामुळे एका वर्षाचा आकडा बघून कॉलेजला डोक्यावर घेऊ नका, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून नाकही मुरडू नका. सलग तीन वर्षांचे मागा, त्यात एक मंदीचं वर्ष असू द्या.

वर्गात मुलं कोणकोणत्या वाटांनी येतात?

बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आणि मग कॅप, ही मोठी वाट. कट-ऑफची यादी उघडली की 'जीओपन', 'एलओपन', 'जीओबीसी' अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' म्हणजे मुलींसाठीची, पुढे प्रवर्ग. राज्याच्या आरक्षणात अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७, विमुक्त-भटक्यांच्या चार गटांना मिळून ११ आणि ओबीसींना १९ टक्के जागा आहेत. २०२४ पासून एसईबीसीचे, म्हणजे मराठा समाजाचे, १० टक्के आले. ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे) १० टक्के आहेतच. या सगळ्यांना आडवं छेदणारं मुलींचं ३० टक्के आरक्षण आहे.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्क माफीची योजना, ही वाट पालकांना उशिरा कळते. मंजूर संख्येच्या वर ५ टक्के जागा, शिकवणी शुल्क माफ, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. या जागांचा कट-ऑफ बऱ्याचदा खुल्या गटापेक्षाही वर जातो. म्हणजे वर्गातला सर्वांत हुशार मुलगा फी माफीवर आलेला असणं अगदी नेहमीचं आहे. 'कोट्यातली मुलं कच्ची' असं ठामपणे सांगणाऱ्या काकांना ही यादी जरूर दाखवावी.

संस्था पातळीवरच्या, म्हणजे बोलीत 'मॅनेजमेंट'च्या, जागा वेगळ्या. आणि अल्पसंख्याक महाविद्यालयांचं गणित तर सगळंच वेगळं. मुंबईत व्हीईएसआयटी सिंधी भाषक, तर डी. जे. संघवी गुजराती भाषक अल्पसंख्याक संस्था आहे. तिथे ५१ टक्के जागा त्या समाजासाठी असतात आणि सामाजिक आरक्षण लागू होत नाही. त्यामुळे अशा महाविद्यालयातला वर्ग आणि हे आरक्षण लागू असलेल्या नांदेडच्या एसजीजीएसमधला किंवा सांगलीच्या वालचंदमधला वर्ग यांची बनावट मुळातच निराळी. त्यांचे प्लेसमेंटचे टक्के शेजारी ठेवून 'हे चांगलं, ते वाईट' म्हणणं मला पटत नाही. ९८ पर्सेंटाइलची, इंग्रजी माध्यमाची, घरात आधीपासून कॉम्प्युटर असलेली मुलं घेऊन ९० टक्के प्लेसमेंट देणारं कॉलेज आणि ६० पर्सेंटाइलची, तालुक्याच्या गावाहून आलेली मुलं घेऊन ६० टक्के देणारं कॉलेज, यात जास्त शिकवलं कुणी?

मुलींचं प्रमाण किती असतं?

देशभरात बी.टेक.च्या वर्गांत मुली साधारण २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. पण ही सरासरी फसवी आहे, कारण मेकॅनिकलचे जवळपास मुलांनीच भरलेले वर्ग तिला खाली ओढतात. आयटी आणि कॉम्प्युटरमध्ये मुली याहून बऱ्याच जास्त दिसतात. पालकांचा कलही तसाच असतो: एसीत बसून काम, शिफ्ट असली तरी कंपनीची गाडी.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. मात्र प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंटच्या जागेला हे लागू नाही. वसतिगृह, मेस, लॅपटॉप यांचा खर्च घरूनच करायचा आहे, आणि बीड-परभणीहून पुण्याला मुलगी पाठवायची म्हटलं की तोच खर्च मोठा ठरतो. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचे. कागद आधीच गोळा करा, नॉन-क्रिमिलेअर दाखल्यासाठी तहसीलचे हेलपाटे ऐन राउंडमध्ये नकोत.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं मागे पडतात का?

गणितात, हो. तिसऱ्या सेमिस्टरचं गणित त्यांचा घाम काढतं. प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये मात्र चित्र उलटं असतं. बारावीहून आलेली मुलं अजून 'फाइल सेव्ह कुठे झाली' शोधत असतात, तेव्हा या मुलांनी एमएसबीटीईच्या (राज्याच्या डिप्लोमा मंडळाच्या) अभ्यासक्रमात एक मिनी प्रोजेक्ट करून टाकलेला असतो. मंजूर संख्येच्या १० टक्के जास्तीच्या जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा यांवर ही मुलं येतात. म्हणून शेवटच्या वर्षातली संख्या पहिल्या वर्षापेक्षा वाढलेली दिसली तर दचकू नका.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं कसं होणार?

पहिले दोन महिने जड जातात. शिक्षक समजावतात मराठी-इंग्रजी मिसळून, पण उत्तरपत्रिका आणि मुलाखत इंग्रजीत. खरा अडथळा तांत्रिक फेरीत नसतो, एचआर फेरीत असतो. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला पाठ केलेलं उत्तर देऊन झाल्यावर समोरचा जो दुसरा प्रश्न विचारतो, तिथे गाडी अडते. यावर उपाय वर्गात इंग्रजी शिकण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासून दर आठवड्याला उभं राहून स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल पाच मिनिटं बोलणं हा आहे. ज्या महाविद्यालयात हे करून घेतात तिथल्या मुलांत फरक दिसतो.

मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची सोयही झाली आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेने) परवानगी दिल्यावर पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटर शाखेची अशी तुकडी सुरू केली.

प्रवर्गानुसार किंवा माध्यमानुसार प्लेसमेंटचे आकडे मिळतील का?

एनआयआरएफमध्ये तरी नाही. तिथल्या विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात मुलं किती, मुली किती, राज्याबाहेरचे किती, आर्थिक मागास किती, सामाजिक मागास किती हे असतं. नोकरीच्या तक्त्यात मात्र नुसती एकूण संख्या. दोन तक्ते एकमेकांना जोडलेले नाहीत. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली मुलं किती, हे तर कुठल्याच रकान्यात नाही, आणि आमच्या अनुभवात निकालावर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होतो. एखाद्या विभागाने स्वतःहून अशी नोंद ठेवली असेल तर त्या विभागाकडे जरा आदराने बघा.

आयटी घ्यावं की कॉम्प्युटर?

नोकरीपुरतं बोलायचं तर फरक नगण्य. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या दोन्ही शाखांना एकत्रच बसवतात. चांगल्या कॉलेजातलं आयटी आणि यथातथा कॉलेजातलं कॉम्प्युटर यात निवड असेल तर आयटी घ्या.

जागा एवढ्या वाढल्यात, पुढे नोकऱ्या राहतील का?

एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांना शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि अनेक महाविद्यालयांनी कॉम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स असं सगळं वाढवून घेतलं. वर्गखोल्या वाढतात, अनुभवी शिक्षक तेवढ्या वेगाने मिळत नाहीत. जिथे ६० च्या १८० झाल्या, तिथले जुने टक्के नव्या बॅचला लावू नका. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. तो फटका मधल्या-वरच्या पदांना होता, पण कॅम्पसवरच्या गप्पांचा सूर त्याने बदलला. चार वर्षांनंतरचं भाकीत सांगणारा कुणीही भेटला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

बी.एस्सी. आयटी किंवा बीसीए केलं तर?

खर्च कमी आणि वर्षं तीन. पण मास रिक्रूटर या मुलांना वेगळ्या भरतीतून आणि कमी पगारावर घेतात. २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या बिगर-अभियंता पदवीधरांसाठीच्या २.५२ लाखांच्या पॅकेजची समाजमाध्यमांवर भरपूर खिल्ली उडाली होती. विप्रोसारख्या कंपन्या नोकरी करता करता एम.टेक. करू देतात, ती वाट वाईट नाही. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचं झालंय, त्यामुळे तीन अधिक दोन करून पाच वर्षांत पदव्युत्तर होता येतं. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या छत्राखाली आलं आणि राज्यात त्याला सीईटी लागली. बी.एस्सी. आयटीला ती नाही. जून उजाडल्यावर 'सीईटी दिलीच नाही' म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात, तेव्हा बीसीएचा विचार असेल तर अर्जाची तारीख हिवाळ्यापासून बघत राहा.

कॉलेजने विचारलेले आकडे दिलेच नाहीत तर?

शासकीय किंवा अनुदानित संस्था असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, दहा रुपयांत. पण प्रवेशाच्या घाईत तीस दिवस थांबायला वेळ कुणाकडे? त्यापेक्षा सोपं म्हणजे कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर जा. शेवटच्या वर्षाची मुलं तिथे असतात. 'तुमच्या वर्गात किती जण, त्यातले किती लागले, आणि लागलेल्यांपैकी किती जण खरंच रुजू झाले?' एवढंच विचारा. दोन-तीन वेगवेगळ्या घोळक्यांकडून एकच उत्तर आलं तर ते धरा, आणि मग टीपीओच्या केबिनमध्ये जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा.